तत्त्वज्ञानाचे अध्यापन आणि कलेची साधना : कोकणात राहून दोन्ही कसे सांभाळावे

हे मार्गदर्शन कोकणातल्या त्या तरुण अध्यापकांसाठी आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांनी तत्त्वज्ञान हा विषय उपजीविकेसाठी आणि मनापासूनही निवडला आहे, आणि कविता, नाटक, गायन किंवा चित्र यांपैकी काहीतरी ज्यांना सोडवत नाही. अशा माणसाला सहसा दिवसाचे तास वाटून घेण्याचा सल्ला मिळतो : पहाटे रियाज, दुपारी तासिका, रात्री वाचन. कोकणात हा सल्ला फार काळ टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाचा दिवस एसटीच्या वेळा, पावसात जाणारी वीज, घरातले वडीलधारे आणि बागायतीची कामे यांनी इतका तुटलेला असतो की त्यात दोन साधनांचे समसमान तुकडे पाडायला गेल्यास दोन्हींचा चुराडा होतो. समतोल दिवसात न शोधता वर्षात शोधावा. कोकणाचे वर्ष पावसाने आणि जत्रांनी आधीच विभागून ठेवले आहे. ती विभागणी नीट समजून घेतली, तर निम्मी अडचण दूर होते.

प्रथम नोकरीचे गणित पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तासांचा असतो आणि तो वर्षातील ३० कामाच्या आठवड्यांसाठी, म्हणजे १८० अध्यापन-दिवसांसाठी धरला जातो. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाने १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांनी १४ तास करायचे असते. उरलेले आठवडे कागदावर मोकळे दिसतात, पण प्रवेशप्रक्रिया, परीक्षांची पर्यवेक्षणे, उत्तरपत्रिका आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’चे अहवाल त्यांतला मोठा भाग घेऊन जातात. म्हणून जूनमध्ये महाविद्यालय सुरू होताच एक मोठा कागद घ्यावा, त्यावर बारा महिने आडवे मांडावेत, आणि सत्रांच्या तारखा, परीक्षा, गावाचे सण, जत्रा व घरची ठरलेली कार्ये त्यांत प्रथम भरावीत. संशोधन आणि कला यांना उरलेल्या जागेत बसवायचे आहे, आणि ही जागा वर्षभर सारखी नसते.

जून ते सप्टेंबर हा काळ लेखनाचा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत पडतो. उघड्यावरचे प्रयोग थांबलेले असतात, दशावतार हे इथले पारंपरिक लोकनाट्य करणाऱ्या मंडळांचे पेटारे बंद असतात, आणि पहिले सत्र नवे असल्यामुळे तपासायच्या कागदांचा ढीग अजून साचलेला नसतो. शोधनिबंधाचा पहिला खर्डा किंवा प्रबंधाचे एक प्रकरण याच काळात संपवावे. ‘सुरू करावे’ असे मी म्हणत नाही, संपवावे असेच म्हणतो, कारण पुढे गणपती येतात, आणि कोकणातल्या माणसाने गणपतीत निबंध लिहिण्याचा बेत करू नये. वाडीत घरोघरी भजनाची पाळी असते, दोन भजनी बुवांमधले डबलबारीचे सामने असतात, मुंबईहून घरची माणसे आलेली असतात. हे दिवस पूर्णपणे गाण्याला, वादनाला आणि माणसांना द्यावेत.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला भाग परीक्षांचा. त्यानंतर कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावी सरकत राहतात. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची रत्नागिरी केंद्रावरची प्राथमिक फेरीही साधारण थंडीच्या दिवसांतच असते. हा कलेचा हंगाम, आणि दुर्दैवाने दुसरे सत्रही नेमके याच वेळी भरात असते. येथे भिडस्तपणा उपयोगी नाही. जूनच्या विभागीय बैठकीतच, वेळापत्रक ठरत असताना, दुसऱ्या सत्रात आठवड्यातील कोणते दोन दिवस आपल्या तासिका दुपारनंतर ठेवता येतील ते विचारून घ्यावे. दशावताराचा प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. त्या पहाटेनंतर सकाळी साडेसातला कांट शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. सहकाऱ्याशी तासिकेची अदलाबदल केली, तर ती वहीत लिहून ठेवावी आणि त्याने आठवण करून देण्यापूर्वीच परत करावी. कलावंत अध्यापकाची पत या छोट्या देवाणघेवाणीवर उभी असते, आणि एकदा ती गेली की प्रयोग कितीही उत्तम झाला तरी परत येत नाही.

शिमगा स्वतंत्रपणे मांडावा. पालखी आपल्या घरी येण्याचा दिवस, नमन-खेळे, गावकीची कामे यांत साताठ दिवस सहज जातात, आणि बहुतेक वेळा लगेच पुढे परीक्षा असतात. एप्रिल-मेच्या सुट्टीवर मात्र फार विसंबू नये. बाहेरून पाहणाऱ्याला ती लांबलचक दिसते. प्रत्यक्षात उत्तरपत्रिका, लग्नकार्ये, आंब्याची उतरण आणि घर भरून आलेले चाकरमानी यांच्यात ती संपते. मे महिन्यात एकच काम हाती घ्यावे आणि ते पुनर्लेखनाचे असावे, कारण तुटक वेळात आधी लिहिलेले सुधारता येते. नवे मात्र अखंड वेळ मागते.

आता नोकरीच्या टप्प्याविषयी, कारण वरचा सगळा आराखडा कायम नोकरी असलेल्याला जितका सोपा आहे, तितका तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला नाही. त्याला मोबदला घेतलेल्या तासिकांचाच मिळतो आणि सुट्टीत उत्पन्न थांबते. अशा अध्यापकाने पहिली काही वर्षे पात्रतेच्या परीक्षेला अग्रक्रम द्यावा. ‘नेट’ वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी होते. महाराष्ट्राची ‘सेट’ परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ज्या सत्राला आपण बसणार आहोत, त्याच्या आधीच्या चार महिन्यांत नाटकाचे दिग्दर्शन अंगावर घेऊ नये. छोटी भूमिका करावी, कोरसमध्ये गावे, नेपथ्याला हात लावावा, म्हणजे मंडळाशी नाते राहते आणि जबाबदारीचा भार येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदासाठी ‘नेट’ किंवा ‘सेट’ ही किमान अर्हता पुरते, पीएच.डी. अनिवार्य नाही, परंतु पुढच्या वाटचालीत तिचे महत्त्व कमी झालेले नाही. २०१८ च्या नियमांत पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असलेल्याला चार वर्षांची सेवा पुरते आणि नसलेल्याला सहा वर्षे लागतात. सहयोगी प्राध्यापकपद तर तिच्यावाचून मिळत नाही. म्हणून कलेच्या ओढीने प्रबंध वर्षानुवर्षे लांबवणे ही महाग पडणारी गोष्ट आहे. प्रबंध सादर करण्याचे वर्ष हे एकाच कामाचे वर्ष मानावे आणि तसे मंडळातल्या लोकांना आधीच सांगावे.

कवितासंग्रह, नाटक किंवा चित्रप्रदर्शन यांना तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाच्या संशोधन-गुणांकनात स्वतंत्र जागा नाही, हेही स्वच्छपणे जाणून असावे. त्याच नियमांतील तक्त्यात मानव्यविद्यांतील शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला १० गुण आणि आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १२ गुण आहेत. पण याच तक्त्यात अनुवादालाही स्थान आहे : ग्रंथाच्या अनुवादाला ८ आणि प्रकरणाच्या किंवा शोधनिबंधाच्या अनुवादाला ३. भाषेवर प्रेम असणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसासाठी अनुवाद ही दोन्ही बाजूंना पोसणारी वाट आहे, आणि मराठीत तिची उणीव मोठी आहे. देवगड तालुक्यातल्या धालवलीत जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी इंग्रजीचे अध्यापन करत कविता लिहिली, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आणि उतारवयात पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची व चार्वाकाची दर्शने पद्यात मांडणारे ‘अष्टदर्शने’ लिहिले. तत्त्वज्ञानाचा नेमका अर्थ मराठी वाक्यात बसवण्याची त्यांची चिकाटी ज्याला अंगी आणता येईल, त्याने वर्षाला एखाद्या महत्त्वाच्या निबंधाचा अनुवाद करावा. त्याने विचार धारदार होतो आणि भाषाही.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : संशोधनाचा विषय आणि आपली कला यांचा संबंध किती ठेवावा? पुष्कळ मार्गदर्शक सांगतात की आपल्याच कलेवर प्रबंध लिहावा, म्हणजे एका कष्टात दोन कामे होतात. नवोदितांनी हा सल्ला सावधपणे घ्यावा. जो स्वतः रात्री रंगमंचावर उभा राहतो, त्याने त्याच रंगमंचाला प्रबंधाची सामग्री केली, तर तो भूमिकेत असतानाच मनात टिपणे काढू लागतो. मग त्याची भूमिका सावध होते आणि त्याचा प्रबंध भाविक होतो. माझ्या मते प्रबंधाचा विषय शेजारचा असावा. दशावतारात काम करणाऱ्याने प्राचीन काश्मिरी आचार्य अभिनवगुप्ताचा रसविचार घ्यावा, व्यक्तीच्या एकत्वाचा प्रश्न घ्यावा, भाषेतील हेतू आणि अर्थ यांवर काम करावे. भजन गाणाऱ्याने वाक्यार्थावरील मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या दार्शनिकांचा, वाद घ्यावा. शेजारच्या विषयात आपला अनुभव प्रश्न पुरवतो, पण पुराव्याच्या खुर्चीत जाऊन बसत नाही.

प्रश्न पुरवण्याच्या बाबतीत कोकण श्रीमंत आहे, आणि मोठ्या शहरातल्या विभागांना हे भाग्य नाही. दशावताराला परंपरेने लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, पुराणातला प्रसंग सर्वांना ठाऊक असतो, पण संवाद नट त्या क्षणी रचतो, समोरचा नट त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो, आणि उद्या दुसऱ्या जत्रेत तेच आख्यान वेगळ्या शब्दांत उभे राहते. मग या नाट्यकृतीचा कर्ता कोण? दोन रात्रींचे दोन प्रयोग एकाच कृतीचे म्हणायचे, तर कोणत्या निकषावर? कलाकृतीच्या अस्तित्वाविषयी आज जे विवेचन वाचायला मिळते, त्यातले बरेचसे लिखित संगीत आणि छापील नाटक गृहीत धरून चालते. आपल्या दारात चालणारा प्रयोग त्या गृहीतालाच प्रश्न विचारतो. रत्नागिरीकडच्या जाखडी या नाचगाण्याच्या लोककलेत शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यातून कोडी घालतात, एक बाजू शक्तीचे श्रेष्ठत्व मांडते, दुसरी शिवाचे, आणि ऐकणारी माणसे उत्तर पटले की नाही यावर मत देतात. सांख्य दर्शन शिकवताना प्रकृती-पुरुषाचा धडा या सवाल-जवाबापासून सुरू करावा. विद्यार्थ्यांना वाद म्हणजे काय, पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, कसा मांडतात, हे आधीपासून कानाने माहीत असते, आपण फक्त त्याला शिस्त द्यायची असते.

कलेतला अनुभव तत्त्वज्ञानात कसा नेता येतो, याचे एक उत्तम उदाहरण मुकुंद लाठ (१९३७–२०२०) यांचे आहे. ते जयपूरला विद्यापीठात शिकवत आणि पंडित जसराज यांच्याकडे गाणे शिकलेले होते. राग विस्तारत जातो, प्रत्येक गायनात वेगळा होतो, तरी तोच राग म्हणून ओळखू येतो. या अनुभवावरून त्यांनी असा विचार मांडला की काही वस्तूंचे एकत्व बदलातूनच टिकते, बदल थांबला तर ते एकत्वही उरत नाही. येथे संगीत विचाराला सजवण्यासाठी आलेले नाही. गाणाऱ्यालाच सुचू शकणारा प्रश्न तर्काच्या भाषेत पूर्णपणे मांडला गेला आहे, आणि ज्याला गाण्यातले काही कळत नाही त्यालाही तो युक्तिवाद तपासता येतो. आपल्या निबंधाला हीच कसोटी लावावी : आपल्या कलेची आवड नसलेल्या वाचकापुढे युक्तिवाद उभा राहतो का? राहत नसेल, तर अजून काम बाकी आहे.

उलट दिशेची कसोटीही तितकीच कडक ठेवावी. तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार आयरिस मर्डॉक ऑक्सफर्डच्या सेंट ॲन्स कॉलेजात १९४८ ते १९६३ या काळात तत्त्वज्ञान शिकवत होत्या; त्यांची पहिली कादंबरी १९५४ मध्ये आली आणि एकूण २६ कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. तरीही तत्त्वज्ञान आणि साहित्य ही दोन वेगळ्या जातीची कामे आहेत, हे त्या आग्रहाने सांगत. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने लिहिलेल्या नाटकात पात्रे व्याख्यान देऊ लागतात, हा धोका खरा आहे. त्यावर मला ठाऊक असलेला उपाय असा : प्रवेश लिहून झाला की तो मालवणी बोलणाऱ्या, नाटकातल्या जाणत्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. तो ज्या जागी वहीकडे पाहणे सोडून दाराबाहेर पाहू लागेल, तेथे खूण करावी. बहुधा तेथेच पात्राच्या तोंडून आपण बोलत असतो.

यासाठी दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि त्या प्रत्यक्ष, कागदाच्या असाव्यात. एकीत युक्तिवाद, आक्षेप, संदर्भ; दुसरीत ऐकलेली वाक्ये, चाली, प्रतिमा, हालचाली. जे टिपण कोणत्या वहीत जावे हे कळत नाही, ते दोन्हींत न लिहिता एका सुट्या कागदावर तारीख घालून ठेवावे आणि पावसाळ्यात काढून पाहावे. त्यातली बरीच टिपणे तोवर मेलेली असतात. जी जिवंत असतात, त्यांतून पुढच्या वर्षाचा विषय मिळतो.

कोकणातील तत्त्वज्ञानाचे विभाग थोडे आहेत आणि पुष्कळदा एकाच शिक्षकावर चालतात, त्यामुळे एकटेपणाची तयारी ठेवून त्यावर आधीच उपाय करावा लागतो. मुंबई, पुणे किंवा गोवा येथील एका समविषयी अभ्यासकाशी महिन्याला एक लांब पत्र, ई-मेलने का होईना, लिहिण्याचा करार करावा. त्यात ख्यालीखुशाली थोडी आणि चालू खर्ड्याची दोन पाने अवश्य असावीत. संदर्भांसाठी आज पूर्वीइतकी अडचण नाही : १९९५ पासून चालू असलेला स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश विनामूल्य वाचता येतो, ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध उघडे आहेत. जुन्या मराठी नियतकालिकांसाठी १८२८ मध्ये स्थापन झालेले रत्नागिरीचे नगर वाचनालय हाताशी आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर मुंबईचे चर्चासत्र आटोपून परत येणे सोपे झाले आहे, मात्र पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, हे धरूनच शोधनिबंध वाचण्याचा दिवस स्वीकारावा.

साधनांची काळजी थोडक्यात. दमट हवेत पखवाजाचे पान उतरते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, चित्रांच्या कागदावर बुरशी धरते. एका बंद कपाटात कमी शक्तीचा दिवा लावून किंवा सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ते कोरडे राखावे, आणि पुस्तकेही त्यातच ठेवावीत. हस्तलिखितांचे छायाचित्र काढून दुसरीकडे जपावे.

पैशाचा प्रश्न आला की तो लेखी सोडवावा. महाविद्यालयाबाहेर मानधन घेऊन कार्यक्रम करायचा असेल, तर प्राचार्यांकडून आधी लेखी परवानगी घ्यावी, कारण सेवाशर्ती संस्थेनुसार बदलतात आणि तोंडी होकाराला पुढे किंमत राहत नाही. याच संदर्भात एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. व्यावसायिक दशावतारी मंडळातल्या नटांचे घर हंगामातल्या रात्रींच्या बिदागीवर चालते. पगारदार अध्यापकाने हौसेपोटी विनामूल्य उभे राहून त्यांची जागा घेऊ नये, आणि मिळालेली जागा आपल्या पदामुळे मोठी करून घेऊ नये. हौशी मंडळात काम करावे, किंवा व्यावसायिक मंडळात शिकायला बसावे. तेथे आपण ‘सर’ नसतो, वयाने लहान असलेला बुवासुद्धा आपला गुरू असतो. प्रयोगाचे चित्रीकरण करून ते वर्गात किंवा लेखात वापरायचे असेल, तर मंडळाच्या मालकाला आणि त्या नटाला विचारावे, आणि छापलेला लेख त्यांच्या घरी नेऊन द्यावा, त्यात काय लिहिले आहे ते बसून सांगावे. ते जी चूक दाखवतील, ती पुढच्या खर्ड्यात सुधारावी.

काही वर्षे अशी येतात की वर्षाचा कोणताच आराखडा लागू पडत नाही : घरात आजारपण येते, बदली होते, मूल लहान असते. अशा वर्षी कलेचा किमान धागा ठरवून घ्यावा, आणि तो इतका लहान असावा की थकलेल्या दिवशीही मोडणार नाही. गाणाऱ्याने रोज षड्ज लावावा, चित्रकाराने एक रेखाटन करावे, नटाने महिन्यातून एकदा जत्रेत प्रेक्षक म्हणून बसावे. तत्त्वज्ञानाचाही असाच धागा ठेवावा : एका अभिजात ग्रंथाचे रोज एक पान, तेही मूळ भाषेत किंवा विश्वसनीय अनुवादात. येथे निबंध, गुण, स्पर्धा यांचा विचार करू नये.

बाकीच्या वर्षांसाठी जूनच्या कागदावर शेवटी दोनच ओळी लिहाव्यात : या वर्षी तत्त्वज्ञानातले कोणते एक काम पूर्ण होणार आणि कोणत्या महिन्यात, तसेच कलेतले कोणते एक काम आणि कोणत्या महिन्यात. पहिल्या ओळीची प्रत विभागप्रमुखांना किंवा मार्गदर्शकांना द्यावी, दुसरीची मंडळातल्या जाणत्याला, आणि दोन्ही ओळी घरातल्या माणसांना वाचून दाखवाव्यात, कारण त्या महिन्यांत चुकलेली कामे उचलणार आहेत ती तीच माणसे, आणि होकार आधी त्यांचा हवा.